हरवलेलं अधिक

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला गावाहून काकांचा फोन. आमचं जळकोट म्हणजे नळदुर्गजवळचं, सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं. (लातूर जिल्ह्यातलं जळकोट वेगळं. हा खुलासा करायची सवय जन्माची!)

"आरं, सोलापूरला दवाखान्यात बी पॉझिटिव्ह रक्त पायजे, आन् तुझ्या यादीत एकबी माणूस दिसंना की!"

यादी म्हणजे गावच्या पोरांसाठी मी बनवलेलं छोटंसं पान. रक्तगट निवडला की लिंकच्या शेवटी 'गट=बी+&गाव=जळकोट' असं शेपूट लागतं, पुढचं पान ते वाचून नावं दाखवतं. बी पॉझिटिव्हवाले त्यात चांगले पंधरा-वीस होते. गेले कुठे?

तर मंडळी, या शेपटात + म्हणजे अधिक नव्हे! फॉर्ममधला मजकूर पाठवताना मोकळ्या जागेऐवजी + लिहायचा, ही रीत १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येच नोंदवलेली आहे. मी मात्र लिंक बनवताना स्ट्रिंगला स्ट्रिंग चिकटवली होती. वाचताना & वर आणि = वर तुकडे करून डीकोड-यूआरआय-कंपोनंट लावलं होतं. ते + ला हातच लावत नाही. म्हणजे दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या.

मग एका रविवारी मला कोड स्वच्छ करायची हुक्की आली. वाचायचं काम यूआरएल-सर्च-पॅरॅम्सकडे दिलं. ते बिचारं नियमाने वागलं, + ची मोकळी जागा केली. असा रक्तगटच नाही, यादी रिकामी! टेस्ट केलं होतं हो, पण दुर्मिळ म्हणून 'ओ-' घालून. उणे सुखरूप पोचतं.

आता लिंक बांधायलाही यूआरएल-सर्च-पॅरॅम्सच वापरतो. + चं '%२बी' होतं. जळकोटचे १५ बाइट, म्हणून तब्बल ४५ कॅरॅक्टर होतात. दिसायला भयंकर, पण पलीकडे जसंच्या तसं उतरतं. ज्याने गाठ मारली त्यानेच सोडवावी, एवढाच धडा.

रात्रीच दुरुस्त करून काकांना फोन लावला. तोवर त्यांनी दुकानातल्या वहीतून नंबर काढून दोन पोरं सोलापूरला धाडलीसुद्धा होती. वहीत गट अक्षरात लिहिलेत, 'बी पॉझिटिव्ह' असे.

"काका, ती वही टाकू नका," एवढंच म्हणालो.