उपवासकाळातील सायंकाळ

राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळता, ४० दिवस आमच्या घरी मांसाहार वर्ज्य. त्यात फारसे कष्ट नाहीत. बेळगावची भाजी उपवाशालाही मोहात पाडील अशी असते! खरा कस लागतो तो सायंकाळी. टीव्ही बंद, मोबाइल कपाटात, आणि समोर फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने १०,०००हून अधिक ओव्या मराठीत रचल्या. १६१६ साली ग्रंथ रायतूर येथे छापला गेला. ओवीला घाई मानवत नाही. बातम्यांच्या वेगाला सरावलेले आमचे मन पहिले आठ-दहा दिवस ओळींवरून नुसते घसरत जाते. मग केव्हातरी ते एखाद्या शब्दापाशी अडते, आणि प्रार्थना तेथेच सुरू होते.

यंदा मात्र आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, परदेशातला मुलगा नेमका याच वेळी बोलतो. त्याचा आवाज हाही व्यत्ययच का?"

एम.ए.ची पदवी येथे उपयोगी पडली नाही. तूर्त मोबाइल कपाटातून त्यांच्या मांडीवर आला आहे. वाजला की ओवी अर्ध्यावर थांबते. हल्ली मुलगाच आधी विचारतो, "बाबा, कुठवर आलात?"