कडेला उभी माणसं

फोटोंचा व्हिडिओ करून डिस्कवर घालणाऱ्यांना मी हसायचो. मनातल्या मनात हसायचो असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. तोंडावरही बोललो आहे. लग्नाच्या स्टुडिओतून येणाऱ्या त्या डीव्हीडी आठवा. बदामाच्या आकारातून उमलणारे नवरा-नवरी, गरगर फिरत येणारे व्याही, मागे सनई नाहीतर त्या वर्षीचं गाजलेलं हिंदी गाणं. स्टुडिओवाल्यांकडे तेव्हा ‘प्रोशो’ नावाचं सॉफ्टवेअर सर्रास असे, आणि त्यातला एकही इफेक्ट वाया जाऊ द्यायचा नाही असा त्यांचा निश्चय दिसे. मी हौशी फोटोग्राफर. फोटो स्थिर असतो, त्याला नाचवायचं नाही, हे माझं सोवळं.

सोवळ्याला तांत्रिक आधारही होता. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत चित्र मावतं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं. म्हणजे जेमतेम चार लाख पंधरा हजार ठिपके. बारा मेगापिक्सलचा फोटो त्यात कोंबला की २९ ठिपक्यांमागे एक उरतो. हा हिशोब मी लोकांना ऐकवत असे. नावड सांगितली तर वाद होतो, आकडा सांगितला की समोरचा गप्प बसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं.

काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या वेळी घरातले सगळे जुने फोटो मी स्कॅन केले, सहाशे डीपीआयवर. मिरजेला आत्याला ते पेनड्राइव्हमध्ये घालून दिले. तिच्याकडे संगणक नव्हता, हे मला माहीत होतं. तरी दिले. तिनं तो पेनड्राइव्ह देवघरातल्या डबीत ठेवला आणि म्हणाली, “टीव्हीवर दिसंल असं काहीतरी करून दे की रे.”

केलं, पण नाक मुरडत. काळी पार्श्वभूमी, फोटो मधोमध, स्थिर, प्रत्येकी तीन सेकंद. मग पुढचा. एमपीईजी-२ मध्ये व्हिडिओ काढला, डिस्कवर घातला, आणि सुरुचीचा नमुना म्हणून तिच्या जुन्या फुगीर पाठीच्या टीव्हीवर लावला.

पहिल्याच मिनिटाला आत्या म्हणाली, “कुठं पळतोयस? गाडी चुकतीय का तुझी?”

ती प्रत्येक फोटोतल्या माणसांची नावं घेत होती. तीन सेकंदांत दोन नावं होतात, तिसऱ्याला फोटो जातो. मी रिमोट घेऊन पॉज दाबत बसलो. त्यातच लुगड्यांचे जरीचे काठ पडद्यावर शिवशिवत होते. डीव्हीडीचं चित्र एकाआड एक रेषांनी रंगतं, त्यामुळे बारीक आडव्या रेघा त्या टीव्हीवर थरथरतात. उपाय सोपा: फोटो किंचित पुसट करायचा. तो मी केला नव्हता. फोटो पुसट करायचा म्हणजे माझ्या दृष्टीनं पाप.

मग एका लग्नातला वाड्याच्या चौकातला मोठा ग्रुप फोटो आला. तीन रांगा, चाळीसेक माणसं. पॉज केला. आत्या उठून टीव्हीपाशी गेली, चष्मा वर सरकवून काचेला नाक लावलं आणि डाव्या कडेवर बोट ठेवलं.

“हितं काकू होती. कुठं गेली?”

काकू म्हणजे वडिलांच्या चुलतभावाची विधवा. तीस-पस्तीस माणसांचा स्वयंपाक तिच्या अंगावर असे. फोटोला बोलावलं की हात पुसत शेवटी यायची आणि जागा मिळेल तिथं, म्हणजे कडेला, उभी राहायची. मूळ फोटोत ती आहे. टीव्हीवर नव्हती. जुने टीव्ही चित्राच्या चारी कडा थोड्या चौकटीआड घालतात. म्हणून सॉफ्टवेअर एक तुटक रेघ दाखवतं, महत्त्वाचं काही याच्या बाहेर ठेवू नका अशी. ती रेघ मला कुरूप वाटली म्हणून मी बंद केली होती.

आणि जे दिसत होते तेही दिसत नव्हतेच. एकेका चेहऱ्याच्या वाट्याला वीसेक ठिपके आलेले. आत्या ओळखत होती ती टोपीवरून, उभं राहण्याच्या ढबीवरून. मी ज्यांना ‘मागच्या रांगेतले’ म्हणत होतो त्यांची नावं मला येतच नव्हती. स्कॅन करताना मी त्या फोटोवरची धूळ तासभर टिपली होती. चेहरे एकदाही मोजले नव्हते.

परत येऊन मी बराच वेळ तो फोटो मॉनिटरवर उघडा ठेवून बसलो. स्कॅनमध्ये आडवे सहा हजार ठिपके होते. अख्खा फोटो ७२० मध्ये दाबला की चेहरे मरतात. पण चौकट फोटोच्या एका चतुर्थांशावर ठेवली आणि हळूहळू सरकवत नेली, तर तेच चेहरे चौपट मोठे होऊन एकामागून एक समोर येतात. मी फेकून दिलेले ठिपकेच वापरात येतात. स्टुडिओवाले करतात तेच हे! ज्याला मी नाचवणं म्हणत होतो, ते या लहानशा पडद्यावर ग्रुप फोटो बघण्याचं एकमेव धड साधन होतं. केन बर्न्सच्या १९९० सालच्या ‘द सिव्हिल वॉर’ या अमेरिकी मालिकेत जुन्या फोटोंवरून असाच कॅमेरा फिरतो, ॲपलनं पुढं त्या इफेक्टला त्याचंच नाव दिलं; त्याआधी १९५७ च्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या कॅनडाच्या माहितीपटातही ते आहे. हे मला माहीत होतं. मोठ्यांनी केलं की कला आणि गल्लीतल्या स्टुडिओनं केलं की भडकपणा, अशी माझी वाटणी होती. तंत्राचा त्यात काही संबंध नव्हता.

दुसरी डिस्क करताना मी फोनवर आत्याकडून नावं घेतली आणि ती मोठ्यानं म्हणत प्रत्येक फोटोचा वेळ ठरवला. चौकातल्या फोटोला पाऊण मिनिट लागलं. सरकणं डाव्या कडेपासून सुरू केलं. काठ पुसट केले. मूळ स्कॅन त्याच डिस्कवर वेगळ्या फोल्डरात ठेवले, कारण ठिपक्यांचा तो हिशोब काही चुकीचा नाही.

बदामाचा आकार अजूनही सहन होत नाही. गाण्याचं मात्र आत्यानंच मिटवलं: “गाणं नको, बोलता येत नाही.” म्हणून पूर्ण डिस्क मुकी आहे. न्यू जर्सीच्या चुलतभावासाठी तिकडच्या एनटीएससी पद्धतीची वेगळी प्रत काढून पाठवली. त्याचा फोन आला, चित्र उत्तम आहे, पण आवाज येत नाही, डिस्क बिघडलीय वाटतं. म्हटलं, आत्याला फोन लाव आणि मग डिस्क लाव.