भात कितीही, भाजी एकदाच

पुण्यात विद्यार्थ्यांची सकाळ पोह्यांच्या वासाने उजाडते. आमच्या वसतिगृहाच्या फाटकाबाहेर सातलाच गाडी लागते. पातेल्यावर ताट झाकलेलं असतं. पोहेवाले मामा ते उचलतात आणि हळद, कढीपत्ता, वाफ असा एकच लोट अंगावर येतो. शेजारी उपमा आणि शिरा. दहाला कँटीनमध्ये वड्यांचा पहिला घाणा, अकराला साबुदाणावडा. दुपारी मेस. चारला चहा, बरोबर खारी नाहीतर क्रीमरोल. रात्री पुन्हा मेस, आणि बाराच्या सुमाराला, परीक्षा जवळ आल्याच्या नावाखाली, मॅगी. यातून तांदूळ, गहू, बटाटा, साबुदाणा आणि साखर काढा असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मागे काय उरतं याचा हिशेब मी परतीच्या बसमध्येच केला. पोह्यांतले शेंगदाणे, वरची कोथिंबीर आणि वड्याबरोबरची तळलेली मिरची.

कारण नेहमीचंच. पाळी दोन-दोन महिने गायब, हनुवटीवर नको ते केस, वजन चढतं. आमच्या मजल्यावर पीसीओडी हा शब्द इतका रुळलाय, की नवीन मुलगी राहायला आली तर आडनावानंतर बहुतेक तोच विचारला जातो. ‘इन्सुलिन आहे, पण शरीर त्याचं ऐकत नाही,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी. या प्रश्नाचं दहा मार्कांचं उत्तर मी आकृतीसकट लिहिलेलं होतं. ते स्वतःच्या रक्ताच्या रिपोर्टवर वाचायची वेळ पहिल्यांदाच आली.

खरं तर ही गोष्ट या गावाला नवीन नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंची-वजनाच्या हिशेबाने दोघं सारखे, बीएमआय २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. फोटो पाहून कुणी सांगूच शकणार नाही. वर्गात हा फोटो पडद्यावर आला तेव्हा मागच्या बाकांवरची काडीसारखी पोरं हसली होती. हसायचं कारण सगळ्यांत कमी त्यांनाच होतं.

भात-पोळी सोडली की पहिल्या आठवड्यात वजन झरझर उतरतं आणि माणूस हुरळून जातो. ते पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत जे ग्लायकोजेन साठलेलं असतं, त्याच्या ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की पाणीही निघतं. इन्सुलिन खाली आलं की मूत्रपिंडं मीठसुद्धा सोडून देतात. मग कपाळ ठणकतं आणि तिसऱ्या मजल्यावर चढताना पोटऱ्यांत गोळे येतात. इन्स्टाग्रामवरच्या ताया याला ‘कीटो फ्लू’ म्हणतात आणि महागड्या पुड्या विकतात. मेसचं ताक आणि दोन चिमटी मीठ, एवढ्यावर माझं भागलं. तोंडाला मात्र एक गोडसर, औषधी वास येत राहिला. प्रयोगशाळेत अ‍ॅसिटोनची बाटली उघडली आणि ओळख पटली: नेलपेंट काढायला वापरतो तेच द्रव्य आता माझ्या श्वासातून बाहेर पडत होतं. उपासातही शरीर हेच करतं. आणि उपाशी ठेवलं की काही रुग्णांच्या फिट्स थांबतात, हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. न उपाशी ठेवता शरीराला उपासाचा भास करून द्यावा, ही कल्पना अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये मांडली आणि कीटोजेनिक हे नावही दिलं. अपस्माराच्या पोरांसाठी निघालेला तो उपचार आज लग्नाआधी शेरवानीत मावण्यासाठी वापरला जातो. मी काही त्या टोकाला फार काळ राहिले नाही, डॉक्टरीणबाईंनीही तसं सांगितलेलं नव्हतं. दुपारी एक पोळी, भात नाही, साखर नाही, इथे गाडी स्थिरावली.

जिभेचं काय होईल, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. साखर सुटून काही आठवडे झाले आणि एके दिवशी मेसची कोबीची भाजी गोड लागली. तीच पाणचट भाजी, जिच्यातली हरभऱ्याची डाळ तेवढी वेचून आम्ही बाकीची ताटाच्या कडेला सारायचो. नीट चावली तर देठाकडच्या पांढऱ्या भागात खरोखर गोडवा होता. मग तो सगळीकडेच सापडायला लागला. बिनसाखरेच्या दुधात होता. कच्च्या कांद्याच्या तिखटामागून येत होता. गाजर तर संक्रांतीला हवं होतं इतकं गोड. शेंगदाणा बराच वेळ चघळला की शेवटी दुधाळ होतो, हे मला एकविसाव्या वर्षी कळलं. भूकही बदलली. पूर्वी अकराच्या लेक्चरला भूक लागली की हात थरथरायचे, मैत्रिणीशी भांडण व्हायचं. आता ती येते, थोडा वेळ बसते, पाणी प्यायलं तर जातेसुद्धा.

वास मात्र सुटला नाही. माझी एक मैत्रीण मावळातली, घरचा इंद्रायणी तांदूळ पिकवणारी. रविवारी गावाहून परतताना ती डबा आणते. झाकण उघडलं की आधी नुसती ऊब येते, मग वास. ओल्या शेताचा म्हणावा तर तसा, साजूक तुपाचा म्हणावा तर तसाही. शितं एकमेकांना धरून बसलेली, वर वरणाचा पिवळा डाग पसरत चाललेला. ती कालवते, मी बघते. तिने एकदा न विचारता माझ्या ताटलीत एक घास ठेवला आणि मी तो खाल्ला. अपराधी वगैरे अजिबात वाटलं नाही.

या सगळ्यात डोळे उघडले ते मेसच्या पाटीने. दोन वर्षं रोज तिच्याखालून गेले, पण वाचली नव्हती: पोळी, भात, आमटी कितीही, भाजी एकदाच, उसळ, दही, गोड एक वाटी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही खाणावळीत थोड्याफार फरकाने हेच. जे कितीही मिळतं ते स्वस्त, जे वाटीने मिळतं ते महाग. ताटाचा अर्थव्यवहार भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेला होता आणि आम्ही त्याला सढळपणा समजत होतो. मी मेसच्या काकूंना विचारलं, ‘काकू, भात नको मला. त्याच्याऐवजी उसळीची आणखी एक वाटी द्याल का?’ काकूंनी पोळ्या मोजणं थांबवलं. ‘आज भाताच्या बदल्यात उसळ मागतेस,’ त्या म्हणाल्या, ‘उद्या माझ्या गळ्यातलं मागशील.’

त्यांचं काही चुकत नव्हतं. सरकारसुद्धा असंच वाढतं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. डाळ, अंडं, तेल ज्याने त्याने बघायचं. पोट भरणं आणि अंग भरणं यांतलं पहिलं देशाने मनावर घेतलं, आणि ते घ्यायलाच हवं होतं. आयसीएमआर-इंडिअ‍ॅबच्या देशभरातल्या पाहणीत आपल्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं दिसलं. मेसमध्ये ती पाहणी केली असती तर आकडा आणखी वर गेला असता, अशी माझी खासगी शंका आहे. तिसऱ्या पोळीला नाही म्हणायला पोषणशास्त्र लागत नाही, पर्याय लागतो.

कमी कर्बोदकांच्या या आहाराची जन्मकथाही याच बाजूने बोलते. लंडनचा विल्यम बँटिंग राजघराण्यातल्या अंत्ययात्रांची व्यवस्था बघणाऱ्या घराण्यातला. वजनाने इतका त्रासलेला, की जिना उतरताना म्हणे उलटा उतरायचा. ऐकू कमी येतं म्हणून विल्यम हार्वी नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला आणि त्याने कानाऐवजी पाव, साखर, बिअर, बटाटे यांवर बोट ठेवलं. १८६३ मध्ये बँटिंगने आपला अनुभव पुस्तिकेच्या रूपात छापला आणि ती हातोहात गेली. त्यातलं पथ्याचं ताट वाचण्यासारखं आहे: सकाळी मांस, दुपारी मासे किंवा मांस आणि बरोबर चांगल्या वाइनचे दोन-तीन पेले. त्याच शहरातला मजूर तेव्हा पाव आणि चहावर जगत होता. पाव सोडायचा तर पावाच्या जागी ठेवायला काहीतरी खिशात असावं लागतं.

आणि पुण्याला तर विद्यार्थ्याने ताटातलं काही नाकारण्याची सवयच नाही. शंभर वर्षांपूर्वी इथल्या पेठांतून गरीब पोरं माधुकरी मागत हिंडायची किंवा वार लावून जेवायची. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. वाढणारीचा मूड, घरातलं आजारपण, सणवार यांवर त्या दिवशीचं पोट अवलंबून. अशा पोराने यजमानीणबाईंना ‘मी भात घेत नाही’ असं सांगितल्याची आठवण कुणाच्या आत्मचरित्रात असेल असं वाटत नाही.

मग मी अंड्यांकडे वळले. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन, कार्ब जवळपास नाहीच, आणि किंमत कटिंग चहापेक्षा कमी. अडचण एवढीच की वसतिगृहात अंडं चालत नाही, शेगडी चालत नाही. चालते ती फक्त इलेक्ट्रिक केटल, तीही पाण्यापुरती. तर, केटलमध्ये चार अंडी हळूच सोडायची, बुडेपर्यंत पाणी, बटण दाबायचं. उकळी आली की केटल खटकन स्वतःच बंद होते. झाकण उघडायचं नाही. बारा मिनिटं त्याच गरम पाण्यात राहिली की आतला बलक घट्ट होतो. एखादं तडकलं तर पांढरा फेस तोटीतून बाहेर येतो आणि त्यानंतर दोन दिवस कॉफीला अंड्याचा वास मारतो. रूममेट कट्टर शाकाहारी, पण दोस्तीला पक्की. ती खिडकी उघडायची, पंखा पाचवर करायची आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये वॉर्डनवर नजर ठेवत फोनवर बोलण्याचं नाटक करायची. टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून, बॅगेतून, कॉलेजच्या कचरापेटीत. प्रोटीनसाठी इतकी तस्करी करावी लागते हे पाठ्यपुस्तकात नव्हतं.

घरी कळलं तेव्हा आईने पहिला सल्ला दीक्षितांचा दिला: दोनदाच जेव, पंचावन्न मिनिटांत आटप. मराठी घरात डाएटचा विषय निघाला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव आलं नाही असं होत नाही. पण त्यांचा भर कधी खायचं यावर, आणि माझा घोळ काय खायचं यात. ‘मग भाकरी खा, भाकरीने काही होत नाही,’ आई म्हणाली. हा आणखी एक लाडका गैरसमज. ज्वारीत तंतू जास्त, ती पचते सावकाश, सगळं खरं. पण शंभर ग्रॅम पिठात सत्तरेक ग्रॅम कर्बोदकं आहेतच. उपासाचीही तीच गत. साबुदाणा म्हणजे तर जवळजवळ निव्वळ पिष्ट, तरी एकादशीला आमचं अख्खं घर सात्त्विक चेहऱ्याने त्याच्यावर तुटून पडतं.

आज्जीने फोन हातात घेतला. ती बीडकडची, बहात्तरच्या दुष्काळात नवी सून म्हणून खडी फोडायला गेलेली. कामावर मिळालेली सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो यांच्या गोष्टी आम्ही इतक्यांदा ऐकल्यात की चव माहीत असल्यासारखं वाटतं.

‘भाकर सोडलीस म्हनं?’

‘सोडली नाही आज्जी. कमी केलीय.’

‘डाक्टरनं सांगितलं?’

‘हो.’

पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आता बहात्तर येणार. पण ती म्हणाली, ‘मग भुईमुगाच्या शेंगा धाडते. भाजून खा, वरून गूळ नको. आमाला नुसत्या भाकरीनं काय झालं ते बघतेच की, साखर हाय मला धा वर्सं.’ तिची साखर मला माहीत होती. दोन्ही गोष्टी एका वाक्यात आणणारी घरात ती पहिलीच. चार दिवसांनी स्वारगेटला एसटीच्या पार्सल खिडकीतून मी शेंगांची पिशवी सोडवून आणली, तिच्यात तळाशी आईने चोरून डिंकाचे लाडू घातलेले होते. ते रूममेटने संपवले.

हळूहळू मजल्यावरच्या आणखी चौघींना डॉक्टरांनी तेच सांगितलं आणि आम्ही घोळक्याने काकूंकडे गेलो. एकटीला गळ्यातलं ऐकवणाऱ्या काकूंनी पाच जणी बघून कॅल्क्युलेटर काढला. ‘भात अन् दोन पोळ्या काढल्या तर माझे वाचले सात रुपये. पनीर पन्नास ग्रॅम घातलं तर गेले वीस. वर काकडी. गॅस तेवढाच, पोळीवाल्या बाईंचा पगार तेवढाच.’ महिन्याला सातशे रुपये जास्त पडतील, असं त्यांनी सांगितलं.

‘म्हणजे कमी जेवायचे जास्त पैसे?’ रूममेटने विचारलं. तिला पथ्य नव्हतं, ती भांडायला आलेली होती.

‘हो,’ काकू म्हणाल्या. ‘आणि खाडे धरणार नाही, आधीच सांगते.’

आम्ही सहाशेवर आणलं. खाडे मात्र त्यांनी नाहीच धरले.