बाणाच्या खुणेचा चाकू

आबांच्या पेटीतला चाकू आमच्या घरात ‘लढाईतला’ म्हणून ओळखला जातो. त्याने इटलीत कुणाला तरी लोळवलं असणार, अशी निम्म्या घराची खात्री. हातात घेतला की ही वीरश्री ओसरते. काळी, चौकड्यांची खरबरीत मूठ, एक रुंद पातं, डबे फोडायचं आखूड पातं, पाठीवर जाडजूड टोचा आणि दोरी ओवायला कडी. असा चाकू कामाला जुंपायचा, कमरेला मिरवायचा नव्हे.

चाकू ओळखायचा तर धार सोडून बूड बघावं. पातं मुठीत शिरतं तिथल्या नखाएवढ्या जागेत त्याची जन्मपत्रिका ठोकलेली असते. तेलाच्या बोळ्याने काजळी पुसून बॅटरी तिरकी धरली, तेव्हा उमटलं: शेफील्ड, १९४३. शेजारी तीन रेघांचा बाण, म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. हिशेबाने चाकू अजून सरकारचाच. मागायला कुणी येईलसं वाटत नाही.

राखेने घासून तो लखलखीत करायचा मोह मात्र आवरावा. स्टेनलेस पोलाद हॅरी ब्रिअर्लीने शेफील्डमध्येच १९१३ साली केलं, पण हे पातं साध्या पोलादाचं, कैरी चिरली की काळवंडणारं. तो निळसर काळा थर म्हणजे त्याचं वय. आणि झीज? डबे फोडायचं पातं कोरं राहिलंय. आमच्याकडे डबाबंद काय येणार! मोठं पातं मात्र दगडावर घासून घासून जुन्या विळीसारखं पोटात गेलंय. पलटणीच्या दोन-चार वर्षांत एवढं झिजत नाही. ही झीज घरची, आंब्या-फणसांची.

राहिला टोचा. तो दोरखंडाचे पीळ सोडवायला, गाठी उकलायला. आबा त्याने गुरांच्या दाव्यांच्या गाठी सोडवत, नारळाचा डोळा फोडत. आत्याला हे पटत नाही. तिच्या मते तो घोड्याच्या खुरातला खडा काढायचा. (ही समजूत थेट इंग्लंडातही घरोघर आहे.)

“अगं आत्या, आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत. जिच्यातल्या नाईक यशवंत घाडगेंना १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यातल्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ती रेजिमेंट. पायदळ ते. त्यांना घोडा कुठला?”

“घोडा नसेल, खेचर असेल.”

इटलीच्या डोंगरांत हिंदी फौजेच्या खेचर-कंपन्या रसद वाहत होत्या, हे तिला मीच मागे सांगितलं होतं.