पेटंटचा राग आणि नळीसोबतचा कागद

जीनवरचं कुठलंही पेटंट म्हणजे सगळ्यांच्या ठेव्यावर घातलेला दरोडा, असं मी अनेक वर्षं ठामपणे म्हणत आले. हे मत हळदीच्या लढ्याने घडवलं होतं. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिलं गेलं आणि डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने 1997 मध्ये ते रद्द करून घेतलं. पुढे अमेरिकेत हौशी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊ लागले. जेलीफिशच्या जीनमुळे ई. कोलाय जिवाणू अतिनील दिव्याखाली हिरवे चमकतात, ते पाहून हरखले. ही चमक देणाऱ्या हिरव्या प्रथिनाच्या, म्हणजे जीएफपीच्या वापरावरही पेटंट घेतलं होतं हे कळलं, तेव्हा तोच राग उसळला.

तो राग आता उरलेला नाही. हळदीचं ज्ञान घराघरांत होतं, म्हणून ते पेटंट पडलं. इथे तसं नव्हतं. शास्त्रज्ञ शिमोमुरांनी जेलीफिशमधून हे प्रथिन वेगळं केल्याचं 1962 मध्ये प्रसिद्ध झालं. डग्लस प्रॅशर यांनी 1992 मध्ये त्याचा जीन क्लोन केला आणि चॅल्फी व त्सिएन या संशोधकांना सरळ पाठवून दिला. दुसऱ्या जीवाच्या पेशीतही तो चमक देतो, हे चॅल्फींनी 1994 मध्ये दाखवलं. 1996 च्या पेटंटवर चॅल्फींसोबत प्रॅशरांचंही नाव आहे. जीएफपीसाठीच्या 2008 च्या नोबेलमध्ये ते नव्हतं, याची हळहळ मला अजून वाटते. त्या पेटंटची मुदत संपली आहे आणि त्यातली कृती कुणालाही वाचता येते.

नव्या चमकत्या प्रथिनांच्या पेटंटबाबत मात्र सावध राहावंच लागतं. लॅन्सलेटच्या प्रथिनापासून घडवलेल्या एमनिऑनग्रीनवरून अलील कंपनीने 2020 मध्ये थेट फायझरवर पेटंटभंगाचा दावा दाखल केला. म्हणून हौशी कामाला मी जुनं जीएफपीच घेते.

पण आमची खरी वाट अडते ती साहित्य-हस्तांतरणाच्या करारापाशी. प्लाझ्मिडच्या, म्हणजे जीन वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्याच्या नळीसोबत येणारा हा कागद बहुधा बजावतो: पुढे कुणाला देऊ नका, धंद्यासाठी वापरू नका. पेटंट साधारण वीस वर्षांनी संपतं. जीनवरचं पेटंट संपलं तरी या अटी सुटत नाहीत. शिवाय सही संस्थेची लागते. मागे संस्था नसलेल्या माणसाला ती नळी मिळतच नाही.

2018 मध्ये मांडलेला ओपनएमटीए हा करार मात्र पुढे वाटायला आणि व्यवसायालाही मुभा देतो. तुमच्या प्रयोगशाळेत तुम्ही स्वतः बनवलेले प्लाझ्मिड पडून असतील, तर ते या करारावर द्या.