एका झाडाची हजार रोपं

रस्त्याकडेचा बहावा शेंगांनी लगडलेला, आकडी सहज पोचते, टेम्पो शेजारीच उभा. रोपवाटिकेसाठी बी गोळा करणाऱ्याला याहून सोयीचं झाड मिळत नाही. फूट-दीड फूट लांबीची काळी शेंग फोडली, की आत नाण्यांच्या चळतीसारखे कप्पे, त्यांत चिकट काळपट गर आणि एकेक टणक, तपकिरी बी. पोतंभर शेंगांत हजार रोपांची सोय होते.

त्या हजार रोपांची आई मात्र एकच. बाप फार तर आजूबाजूचे दोन-चार. ही भावंडं एकाच टेकडीवर लावली, की पुढे परागीभवनही त्यांच्यातच होत राहतं. अशा जवळच्या नात्यातून बी कमी धरतं, रोपं कमजोर निघतात. नवा रोग आला तर त्याला पुरून उरेल असं वेगळ्या घडणीचं झाड तिथे असण्याची शक्यताही घटते. वृक्षारोपणाच्या अहवालात रोपांच्या संख्येशेजारी मातृवृक्षांचाही रकाना असायलाच हवा.

किती मातृवृक्ष? जनुकीय संवर्धनासाठी नमुने कसे घ्यावेत, याचा हिशेब मार्शल आणि ब्राऊन या शास्त्रज्ञांनी १९७५ साली मांडला. एका ठिकाणच्या ५० ते १०० झाडांचे नमुने घ्यावेत, असं त्यांनी सुचवलं. सह्याद्रीतल्या विखुरलेल्या झाडांच्या बाबतीत इतकी सापडणं कठीण. तरी एकाऐवजी वीस झाडं गाठली तरी मोठा फरक पडतो. ती एकमेकांपासून लांबची हवीत, आणि प्रत्येकाकडून बी सारखंच घ्यायला हवं. इंग्लंडमधल्या मिलेनियम सीड बँक या बीज-पेढीचा आणखी एक दंडक आहे: त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. उरलेलं बी जंगलाचं.

एवढं करूनही विविधता गळते ती रोपवाटिकेत, कुणाच्या लक्षातही न येता. बहाव्याचं कवच जाड. कानशीने घासलं, गरम पाण्यात भिजवलं, तरी सगळं बी एकदम रुजत नाही. काही आठवड्याभरात वर येतं, काही महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. जंगलात या मागेपुढे रुजण्याला फार मोल आहे: पहिल्या पावसाने ओढ दिली आणि आधीचे कोंब करपले, तर मागचं बी शिल्लक असतं. रोपवाटिकेला मात्र जूनपर्यंत एकसारख्या उंचीची रोपं हवी असतात. मग लवकर उगवलेली पिशवीत जातात आणि उशिराचा वाफा उकरून टाकला जातो. तो वाफा आणखी एक पावसाळा राखावा. जागा अडते, पाणी लागतं, पण त्याच मातीत दुष्काळातून तरणारी झाडं असू शकतात.

काही झाडांना बीज-पेढीही वाचवू शकत नाही. सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथल्या दलदलीत रानजायफळाच्या कुळातली झाडं उभी आहेत. गोव्यात सत्तरीतल्या निरंकाराच्या राईतही आहेत. त्यांत नर वेगळा, मादी वेगळी. मोजक्या झाडांतले नर तुटले, तर उरलेल्या माद्यांच्या बियांना बाप तेवढेच कमी. हे बी सुकवून ठेवताही येत नाही. ओल गेली की ते मरतं. ते पडल्या पडल्या वेचावं लागतं, शक्य तितक्या माद्यांखालून थोडं थोडं, आणि लगेच ओल्या मातीत पेरावं लागतं.