बदामाची वाट

वेळापुरात पत्ते म्हणजे रमी, नाहीतर तीनपानी. पोकर इकडे मोबाईलवरूनच आला. मी खेळतो तो फुकटच्या चिप्सवर. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर तशीही बंदी आलीच आहे.

आज टूर्नामेंटमध्ये हातात दोन बदाम, टेबलावरच्या तीन पत्त्यांत आणखी दोन. एक बदाम आला की पाच बदाम, म्हणजे फ्लश. न दिसलेल्या ४७ पत्त्यांत बदाम ९. पुढच्याच पत्त्याला तो येण्याची शक्यता १९ टक्के. उरलेले दोन्ही पत्ते बघायला मिळाले तर ३५. मधे १००० चिप्स होत्या, समोरच्याने ५०० लावल्या. कॉल केला तर माझ्या ५०० म्हणजे एकूण २००० चा चौथा हिस्सा, म्हणून संधीही निदान २५ टक्के हवी. एका पत्त्यासाठी हा सौदा तोट्याचा. (त्या ५०० त्याच्या शेवटच्या असत्या, तर दोन्ही पत्ते त्याच किमतीत दिसले असते.)

धूळपेरणी करणारा पावसाच्या भरवशावर बी टाकतो, पण घरातलं सगळं नाही. पत्त्यांतही तसंच.

टूर्नामेंटमध्ये चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही. संपल्या की मात्र उठावं लागतं. बक्षिसाच्या उंबरठ्यावर अशा अर्धवट हातावर (ड्रॉ) सगळं घालवणं हे धाडस नव्हे, हौस. त्यापेक्षा आपण आधी लावावं. समोरचा घाबरून पत्ते टाकू शकतो. कॉल करणाऱ्याला तीही सोय नाही.